दंडावरची पट्टी काय सांगते?

मागच्या गटसभेत बेण्याचे बोलणे आटोपल्यावर एका तरुण सभासदाने विचारले, "साहेब, मला कितीबी घेतली तरी चढत न्हाई. ही अंगाची ताकद म्हणायची का?" हशा पिकला, आम्हीही हसलो. उत्तर मात्र राहिले, ते येथे देतो.

डिस्टिलरीत यीस्ट मळीतल्या साखरेचे आधी ॲसिटाल्डिहाइड करते, मग त्याचे अल्कोहोल. माणसाचे यकृत हीच वाट उलटी चालते. अल्कोहोलचे पुन्हा ॲसिटाल्डिहाइड आणि त्याचे पुढे ॲसिटिक आम्ल. यातला मधला पदार्थ विषारी. तो निपटायला शरीरात एक विकर (एन्झाइम) असते.

जपानात शंभरातल्या चाळीसेक लोकांत हे विकर जन्मतःच लुळे असते. चीन, कोरियातही पुष्कळांत. गव्हाणीत ऊस पडतोय अन् मिल बंद, अशी गत. एका पेल्यात तोंड लालबुंद, छातीत धडधड, मळमळ. उसाचा गुण बेण्यातून जसाच्या तसा उतरतो; माणसाचे तसे नाही, एक वाटा आईचा, एक बापाचा. येथे एक वाटा जरी सदोष आला तरी काम बरेच ढिले पडते. दोन्ही आले तर जवळजवळ बंदच.

हे ओळखण्याची सोपी परीक्षा जपानी डॉक्टरांनी १९८७ साली प्रसिद्ध केली. ७० टक्के अल्कोहोलात भिजवलेली कापडाची पट्टी दंडाच्या आतल्या बाजूस चिकटवायची, सात मिनिटांनी काढायची. पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत तेवढीच जागा तांबडी झाली, तर विकर लुळे. कातडीत साचलेल्या ॲसिटाल्डिहाइडने बारीक रक्तवाहिन्या फुगतात, त्याचा हा रंग. (चिकटपट्टीनेही कातडी लाल होते, ते वेगळे धरावे.) ज्यांचे तोंड लाल होते आणि तरी जे बैठकीच्या आग्रहाखातर पीत राहतात, त्यांना अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो.

आपल्याकडे हा दोष क्वचित. तेव्हा आपल्या दंडावर बहुधा डाग पडणार नाही. पण म्हणून खूश होऊ नये, बरं का! जपानातल्या दारूच्या व्यसनी लोकांत लुळ्या विकराची माणसे फार थोडी सापडली. तोंड लाल होते, जीव घाबरतो, म्हणून ती आपसूक थांबतात. ज्याला 'चढत न्हाई' त्याला हा ब्रेकच नाही. तो जास्त पितो, आणि यकृत सगळे मुकाट्याने सोसते.

दारू सोडवायच्या डायसल्फिराम गोळीचे काम असेच. १९४८ च्या सुमारास डेन्मार्कमध्ये तिचा हा उपयोग कळला. ती हेच विकर बंद पाडते, म्हणजे चांगल्या माणसाला जपान्यासारखे करते. काही घरांत ही गोळी माणसाला न सांगता आमटीत घालतात. माउलींचा त्रास आम्ही जाणतो, पण हे करू नका. त्यावर तो पिऊन आला तर रक्तदाब एकदम खाली जाऊन जीवावर बेतू शकते. गोळी द्यायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि त्याला सांगूनच.