आठ ते बाराची वॉच

श्रीलंकेतल्या गॉलच्या किनाऱ्यापासून बारा मैलांवर कॅप्टनसाहेबांनी जहाज असं आडवं घातलं, की गँगवेची बाजू वाऱ्याच्या आडोशाला आली. लाँच येऊन लागली. अपेंडिक्सनं पिवळा पडलेला आमचा थर्ड मेट स्ट्रेचरवरून उतरला, मागोमाग त्याची बॅग. तिची यादी मीच केली होती: दोन बॉयलर सूट, सेफ्टी शूज, गणपतीची तसबीर, बेसनाच्या लाडवांचा अर्धा डबा. सारं ऑफिशियल लॉगबुकात चढलं.

ब्रिजवर 'मिनिमम सेफ मॅनिंग डॉक्युमेंट' फ्रेम करून लावलेलं असतं. त्यावर नावं नसतात, हुद्दे आणि आकडे असतात. आमच्या कागदावर मास्टर आणि चीफ मेट सोडून वॉचचे, म्हणजे ब्रिजवर पाळीनं पहारा देणारे, अधिकारी होते 2. आता मी, सेकंड मेट, एकटा उरलो होतो.

अमेरिकेचा कायदा अशा वेळी मास्टरला सांगतो, की मालकाचा किंवा तुमचा दोष नसताना माणूस कमी झाला, तर त्याच किंवा वरच्या हुद्द्याचा माणूस घ्या. तो मिळतच नसेल आणि आहेत त्यांच्यावर जहाज नीट चालेल अशी तुमची खात्री असेल, तर पुढे जा. पण पोहोचल्यावर 12 तासांत कारण लेखी कळवा. पण आमचं जहाज भारतीय झेंड्याचं, तो कायदा आम्हाला लागू नव्हता. कमी माणसांवर निघायचं तर मुंबईच्या डीजी शिपिंग या सरकारी कार्यालयाकडे परवानगी मागावी लागणार होती.

जहाजाच्या पोटात कोळसा होता आणि पारादीप चार दिवसांवर. जहाज भाड्यानं घेतलेल्या चार्टररचा फोन आला: परवानगी मागा, निघा, बदली माणूस पारादीपला चढेल.

कॅप्टनसाहेबांनी विश्रांतीचा तक्ता पुढे ओढला. दर 24 तासांत किमान 10 तास, आठवड्याला 77. थर्ड मेटची आठ ते बाराची वॉच त्यांनी स्वतः घेतली, तर हिशेब जमत होता. त्यांनी पेन्सिल ठेवली.

"कागदावर बसतंय. पण मी वॉच करून दमून झोपलो आणि पहाटे मच्छीमार बोटींच्या गर्दीत तुम्ही अडकलात, तर उठून येईन तो कसला कॅप्टन असेल?"

रिकामी जागा दुसऱ्यांच्या झोपेतून भरली जाते, हे मी त्या तक्त्यावर पाहिलं. सुरक्षिततेसाठी मास्टरनं घेतलेला निर्णय मालक किंवा चार्टरर अडवू शकत नाही, असं सागरी सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय सोलास करार सांगतो. फोनवर तासातासाला दबाव येत असताना हे वाक्य पाळायला छाती लागते. कॅप्टनसाहेबांनी ते पाळलं; बदली माणूस येईपर्यंत आम्ही 22 तास इंजिन बंद ठेवून वाहत राहिलो.

बदली मुलगा मुंबईहून कोलंबोमार्गे आला. कॅप्टनसाहेबांनी सीडीसी (खलाशाची नोंदपुस्तिका), मेडिकल आणि सर्टिफिकेट उजेडात धरून वाचलं. तिकीट फर्स्ट मेटचं, म्हणजे वरच्या हुद्द्याचं. आर्टिकल्सवर, म्हणजे नोकरीच्या करारावर, सही झाली. तरी लगेच वॉच दिली नाही. आधी मी त्याला लाइफबोट आणि फायर पंप दाखवला, मस्टर लिस्टवर जुनं नाव खोडून त्याचं लिहिलं.

रात्री बाराला मी वर गेलो, तेव्हा वॉच तोच सोपवत होता. कॅप्टनसाहेबांच्या केबिनचा दिवा विझला होता. नाइट ऑर्डर बुकात त्यांच्या अक्षरात एवढंच होतं: शंका आली की उठवा.