पडद्यामागच्या तारा

जुन्या गाडीत टचस्क्रीन बसवायला येणारा माणूस पहिल्यांदा विचारतो, "भाऊ, किती इंचाची बसेल?" मी त्याला गाडीचं मॉडेल आणि साल विचारतो. आधीचा टेप कंपनीचा आहे की बाहेरून लावलेला, मागच्या तारा कुणी कापल्यात का, हे बघितल्याशिवाय मी इंचांवर बोलत नाही. देऊळगाव राजात गाड्यांच्या वायरिंगच्या कामावर माझं पोट आहे. या कामातलं खरं कसब पडद्याच्या मागे असतं. गिऱ्हाइकाला ते दिसत नाही, म्हणून नेमकी तिथेच सगळ्यात जास्त चालढकल होते.

आमच्या भागात जपून वापरलेल्या जुन्या गाड्या भरपूर. वॅगन आर, स्विफ्ट, इंडिका, बोलेरो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी ती वाढवून मिळते. इंजिन ठणठणीत असेल तर माणूस गाडी का काढेल? तिला फक्त नव्या गाडीतल्या दोन सोयी हव्या असतात. एक नकाशा. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला आणि सिंदखेड राजाजवळून त्यावर चढता येऊ लागलं. ५ जून २०२५ पासून तर तो थेट ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंत गेला. तालुक्याच्या बाहेर क्वचित पडणाऱ्या गाड्या आता मुंबई-नागपूर करतात, आणि मांडीवर फोन ठेवून नकाशा बघणं जिवावर बेतणारं आहे. दुसरी सोय मागच्या कॅमेऱ्याची. नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर १ जुलै २०१९ पासून सक्तीचे झाले. त्याआधीच्या बहुतेक गाड्या मागच्या बाजूने आंधळ्याच. दसऱ्याच्या आधी, बालाजी महाराजांच्या यात्रेसाठी पाहुणे यायच्या सुमारास, दुकानात या कामाची गर्दी असते.

कुठल्याही कंपनीचा टेप कुठल्याही गाडीत बसू शकतो, याचं श्रेय जर्मनीच्या मानक संस्थेला. तिने डॅशबोर्डमधल्या खोक्याचं माप ठरवून दिलं, १८० बाय ५० मिलिमीटर. तो सिंगल डिन. दुप्पट उंचीचा, म्हणजे १८० बाय १००, तो डबल डिन. आता नऊ-दहा इंची पडदे या खोक्याच्या बाहेर येऊन बसतात. म्हणून त्या-त्या गाडीची प्लास्टिकची फ्रेम वेगळी घ्यावी लागते. पडदा घेण्याआधी ही फ्रेम गाडीला नुसती लावून बघावी. एसीची जाळी किंवा हॅझर्डचं बटण झाकलं जात असेल, तर तो पडदा त्या गाडीसाठी नाही.

आता तारांकडे येतो. एक निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना सरच म्हणतात, आपली वॅगन आर घेऊन आले. दुसऱ्या गावी कुणीतरी स्क्रीन बसवून दिली होती. "हे लावल्यापासून गाडी दोन दिवस उभी राहिली की ढकलावी लागते रे," सर म्हणाले. प्लास्टिकच्या पातीने मधल्या पट्टीच्या क्लिपा सोडवल्या, चार स्क्रू काढले, स्क्रीन पुढे ओढली. मागे तारा जोडणारा कंपनीचा कपलर मुळापासून छाटलेला. उघड्या तारा हाताने पीळ देऊन जोडलेल्या आणि वरून काळी टेप. डॅशबोर्डमधल्या उष्णतेने टेपचा गोंद पाझरून ती निम्मी सुटली होती. दोन उघडी टोकं एकमेकांपासून बोटभर अंतरावर हलत होती. आणि पिवळी व लाल तार एकाच पिळात.

बाजारातल्या बहुतेक सिस्टिमना पिवळी तार कायमच्या १२ व्होल्टसाठी असते. तिच्यावर घड्याळ आणि मेमरी टिकून राहते. लाल तार चावी फिरवली की जागी होते आणि सिस्टिमला उठवते. काळी अर्थिंगची. नारिंगी लाइटसोबत पडदा मंद करायला. पांढरी, करडी, हिरवी, जांभळी या चार स्पीकरच्या जोड्या. लाल आणि पिवळी एकत्र केली की सिस्टिमला गाडी बंद झाल्याचं कळतच नाही. ती रात्रभर जागी राहते. पडदा काळा दिसला तरी आत ती अर्धा-एक अँपिअर ओढत असते. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची. रात्रीच्या बारा तासांत त्यातला तिसरा हिस्सा गेला, तर दुसऱ्या रात्रीनंतर स्टार्टर काय फिरणार?

सरांना मी हे तोंडी सांगत बसलो नाही. बॅटरीचं निगेटिव्ह सोडलं, मधे मल्टिमीटर लावला आणि आकडा त्यांनाच वाचायला लावला. मग दोन्ही तारा वेगळ्या केल्या आणि सगळं झोपी जाईपर्यंत थांबलो. आकडा अँपिअरवरून मिलिअँपिअरवर उतरला. उभ्या गाडीचा एकूण खर्च ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. नवी सिस्टिम बसवून घेणाऱ्या प्रत्येकाने हे माप मागून घ्यावं. त्याला मल्टिमीटर आणि थोडा धीर, एवढंच लागतं.

कपलर मात्र कधीही कापू देऊ नका. गाडीच्या बाजूच्या तारांचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, त्यामुळे रंगाला रंग जोडणं चुकीचं. त्या गाडीसाठी तयार केलेला जोड-कपलर दोन-चारशे रुपयांत मिळतो. एका बाजूला गाडीचा कपलर, दुसऱ्या बाजूला नव्या सिस्टिमचा. मधे एकही तार सोलावी लागत नाही. ज्यांचा आधीच छाटला गेलाय त्यांच्या तारा सोल्डर करून, वर आकसणारी नळी चढवूनच जोडाव्यात. आणि स्पीकरची निगेटिव्ह तार गाडीच्या पत्र्याला लावू नये. आताच्या सिस्टिममध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांत विद्युतदाब असतो. एक पत्र्याला टेकली की आतल्या अँप्लिफायरच्या आयसीवर संकट येतं.

सिस्टिम ज्या खोक्यातून येते त्यावर '५० वॅट गुणिले ४' असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. हा आकडा कुठून येतो ते बघा. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट मिळतात, आणि स्पीकर ४ ओहमचा. १४.४ चा वर्ग करून ४ ने भागला की जवळपास ५२ येतात. पण तेवढा जोर लावला की आवाज पार फाटलेला असतो. स्वच्छ आवाजाची मर्यादा याच्या निम्मी. आतली घट धरली तर एका स्पीकरला अठरा-वीस वॅट मिळाले तरी पुष्कळ. पडताळा हवा असेल तर सिस्टिमचा फ्यूज बघा. तो १० अँपिअरचा असेल तर आत जाणारी वीजच १४४ वॅट, मग बाहेर २०० येणार कुठून? आवाज चांगला हवा असेल तर जुने, कागद फाटलेले स्पीकर आधी बदलावेत.

खरेदीचं थोडक्यात सांगतो. या अँड्रॉइड सिस्टिम पाच-सहा हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत मिळतात. सेटिंगमध्ये दिसणारा रॅमचा आकडा खोटा लिहिता येतो, त्यामुळे दुकानात नकाशा आणि गाणं एकदम चालवून बघावं. पडदा आयपीएस, म्हणजे बाजूनेही नीट दिसणारा, आहे का, हे बाजूच्या सीटवर बसून तपासावं. वैशाखात आमच्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि उन्हात बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्याहून कितीतरी तापतो. हलक्या पडद्यांना फुगे येतात ते त्यामुळे. बिल पक्कं घ्यावं. बाहेरून लावलेलं विजेचं सामान विमा कंपनीला कळवलं तर किमतीच्या ४ टक्के जादा हप्त्यात त्यालाही संरक्षण मिळतं. वीस हजारांच्या सिस्टिमला आठशे रुपये.

कॅमेऱ्यात दोन जागा बघायच्या. त्याला वीज रिव्हर्सच्या दिव्यापासून द्यायची आणि त्याच वेळी सिस्टिमच्या रिव्हर्सच्या तारेलाही द्यायची, म्हणजे गिअर पडताच चित्र येतं. मागच्या दाराजवळ तार रबरी नळीतूनच न्यायची. नाही तर दार उघड-झाक करून ती वर्षभरात तुटते. आमच्या अंगणात पोरं खेळतात, कोंबड्या, शेळ्या फिरतात. माझ्या मते या सगळ्या खर्चातली सर्वात मोलाची वस्तू हा छोटा कॅमेराच.

एका तारेबद्दल मात्र माझा गिऱ्हाइकांशी वाद होतो. ती हँडब्रेकची. पडद्यावर सिनेमा फक्त गाडी उभी असताना, हँडब्रेक ओढलेला असतानाच चालावा, यासाठी ती तार असते. ती सरळ अर्थिंगला लावली की चालत्या गाडीतही सिनेमा दिसतो. बरेच जण तेच मागतात. "लेकरं मागं बसून बघतील न भाऊ," म्हणतात. पण पडदा मागच्या लेकरांसमोर नाही, चालवणाऱ्याच्या समोर असतो. १९३० मध्ये अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी मोटोरोला नावाचा गाडीतला रेडिओ विकायला काढला. त्या काळात चालकाचं लक्ष उडेल म्हणून गाडीतल्या रेडिओवर बंदी आणायचे प्रस्ताव तिथल्या काही राज्यांत आले होते. रेडिओला तर फक्त कान लागतात. समृद्धीवर कारची मर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. दोन सेकंद नजर पडद्यावर गेली की गाडी ६६ मीटर आंधळी धावते. मार्च २०२५ मध्ये मुंबई-पुणे मार्गावर ई-शिवनेरीचा चालक बस चालवताना मोबाइलवर क्रिकेटचा सामना बघत होता. प्रवाशाने त्याचं चित्रण केलं आणि चालकाची नोकरी गेली. बसभर माणसं सुखरूप उतरली, हे त्यांचं नशीब. २०२० मध्ये बदललेला नियमही गाडी चालवताना फोन फक्त रस्ता शोधायलाच वापरू देतो, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. ती तार मी हँडब्रेकच्या स्विचलाच जोडतो. ज्यांना ते नको असतं ते दुसरीकडे जातात.

सरांचं मागणं वेगळं होतं. त्यांना आकाशवाणीच्या बातम्या हव्या होत्या आणि नव्या स्क्रीनवर नुसती खरखर. यात दोन गोष्टी होत्या. एरियलच्या बुस्टरला वीज देणारी निळी तार मोकळीच सोडलेली होती. शिवाय रेडिओच्या सेटिंगमध्ये देश म्हणून अमेरिका निवडलेली. तिकडे मध्यम लहरींवर १०-१० किलोहर्ट्झचं अंतर असतं, आपल्याकडे ९-९ चं. परभणी केंद्राची १३०५ ही जागा त्या मापात सापडणारच नाही. एफएमवरही अमेरिकेच्या मापाने शोधताना मधली केंद्रं उडून जातात. निळी तार जोडली, अमेरिकेच्या जागी भारत निवडला आणि केंद्रं पुन्हा शोधायला लावली. सर पुढच्या सीटवर बसून एकेक केंद्र स्वतः साठवत राहिले, आणि मी तोवर पट्टीच्या क्लिपा दाबून बसवल्या.