पोटात उतरणारी हवा

निद्राश्वासरोधासाठी, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या विकारासाठी, सीपॅप या दाबाने हवा देणाऱ्या यंत्राचा मुखवटा लावून निजणाऱ्या एखाद्याचे पोट सकाळी नगाऱ्यासारखे तट्ट फुगते. कारण घसा उघडा ठेवणारी दाबाची हवा कधी अन्ननलिकेच्या मुखाचा स्नायू ओलांडून जठरात शिरते. १९८१ साली कॉलिन सुलिव्हन यांनी सिडनीहून जगापुढे ठेवलेला हा प्राणरक्षक उपचार तेवढ्यासाठी परस्पर सोडू नये, ही कळकळीची विनंती. दाबाची फेरतजवीज डॉक्टरांकडूनच करवावी. चोंदलेल्या नाकाचा इलाज करावा, उशाकडची बाजू उंचवावी, डाव्या कुशीवर निजावे, रात्रीचा सांबारभात निजण्यापूर्वी दोन-तीन तास आटोपावा. तीव्र पोटदुखी वा उलटी झाल्यास मात्र तत्काळ दवाखाना गाठावा.