गव्हावरील करप्याचें कूळ कसें सांपडलें

भातावरील करपा कोंकणांतील व मावळांतील आमच्या वाचकांस सांगावयास नको. नाचणीवरील करपाही त्यांच्या परिचयाचा आहे. परंतु त्याच जातीची बुरशी गव्हावरही पडते, ही गोष्ट देशावरील गहूं पिकविणाऱ्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. गव्हावर हा रोग प्रथम १९८५ सालीं ब्राझीलच्या पाराना प्रांतांत दिसला. पुढें तो बोलिव्हिया, पाराग्वे व आर्जेंटिना या देशांत पसरला. आशिया खंडांत त्याचें नांव नव्हतें. फेब्रुवारी २०१६ मध्यें मात्र बांगलादेशच्या आठ जिल्ह्यांत तो एकाएकीं उद्भवला व सुमारें १५,००० हेक्टर गहूं त्याच्या तडाख्यांत सांपडला. रोग लागलेल्या जागेच्या वरची ओंबी पांढरी फटक पडते. लांबून पाहणारास पीक लवकर तयार झाल्याचा भास होतो. हातांत चोळून पाहावें तों दाणा सुरकुतलेला, किंवा मुळींच नाहीं. कांहीं शेतांत तर पदरांत एक पायलीही पडली नाहीं, आणि त्या जिल्ह्यांतील सरकारी बीजक्षेत्रांवरचें पीक जाळून टाकावें लागलें.

आतां प्रश्न असा होता कीं, ही पीडा आली कोठून? बांगलादेश हा भाताचा देश. तेथें भातावर करपा नेहमींचाच. तीच बुरशी उडी मारून गव्हावर आली असेल, तर भाताच्या शेजारीं गहूं पेरणेंच धोक्याचें ठरतें, आणि परदेशी धान्यावर कितीही पहारा ठेवला तरी उपयोग नाहीं. उलट ती दक्षिण अमेरिकेंतून आली असेल, तर तेथें तीस वर्षांत सांपडलेले उपाय येथेंही लागू पडण्याची आशा धरतां येते. गव्हाची पेरणी कार्तिकाच्या सुमारास. त्याआधीं उत्तर हवें होतें.

गाझीपूर येथील कृषिविद्यापीठाचे प्राध्यापक तोफज्जल इस्लाम यांनीं रोगी व निरोगी पानांचे नमुने शेतांतूनच गोळा केले. इंग्लंडांतील नॉर्विच येथील सेन्सबरी प्रयोगशाळेचे सोफियन कामून व त्यांचे सहकारी यांच्या मदतीनें त्या नमुन्यांतील जनुकांची अक्षरमाला वाचण्यांत आली. बुरशी प्रयोगशाळेंत वाढवीत बसण्याची गरज राहिली नाहीं. रोगी पानांत गव्हाची व बुरशीची अशी दोन्ही अक्षरें मिळतात, त्यांतून बुरशीचीं निवडून काढावयाचीं. येथवरचें काम कौशल्याचें खरें, पण नवलाचें नव्हे.

विशेष पुढेंच आहे. शास्त्रज्ञांची सर्वसाधारण रीत अशी कीं, निबंध छापून येईपर्यंत आपली सामग्री आपल्यापाशीं झांकून ठेवावयाची, नाहींतर श्रेय दुसराच घेऊन जाईल. (चांगलें बियाणें शेजाऱ्यापासून लपविणाऱ्या आम्हां शेतकऱ्यांनीं त्यांस हंसूं नये.) या मंडळींनीं एप्रिल २०१६ मध्यें ती सर्व अक्षरमाला आंतरजालावर कोणासही पाहतां येईल अशी मांडली, आणि ज्याच्यापाशीं या बुरशीची माहिती असेल त्यानें ती येथें आणून ठेवावी, असें आवाहन केलें.

हें कां आवश्यक होतें, तें वाचकांनीं नीट लक्षांत घ्यावें. वंशावळीचें एकच फाटकें पान हातीं आलें, तर त्यावरून घराणें ओळखतां येत नाहीं. भाऊबंदांचीं दप्तरें शेजारीं मांडावीं लागतात. बांगलादेशच्या नमुन्याचेंही तसेंच. ब्राझीलमधील गव्हावरच्या, निरनिराळ्या देशांतील भातावरच्या व गवतांवरच्या बुरशींचीं दप्तरें जमलीं. कांहीं पूर्वीं छापलेलीं, कांहीं अद्याप न छापलेलीं. झुरिच येथील डॅनियल क्रॉल यांनीं ताडून पाहिलें. निष्कर्ष थोड्याच दिवसांत सर्वांसमोर आला: बांगलादेशची बुरशी दक्षिण अमेरिकेंतील गव्हाच्या बुरशीच्या कुळांतली, भातावरील करप्याशीं तिचें जवळचें नातें नाहीं. याचा रीतसर निबंध ऑक्टोबर २०१६ मध्यें प्रसिद्ध झाला. तोंवर माहिती झांकून ठेवली असती, तर उत्तर पेरणीच्या तोंडावर मिळालें असतें.

ती कोणत्या वाटेनें आली, हें मात्र अक्षरमाला सांगत नाहीं. आयात गव्हाचा संशय अनेकांनीं घेतला. पण कूळ कळणें निराळें आणि जहाज कळणें निराळें, हा भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

कूळ कळल्याचा उपयोग बियाण्यांत दिसतो. गव्हाच्या एका रानटी भाऊबंदाकडून आलेला गुणसूत्राचा तुकडा दक्षिण अमेरिकेंत या रोगास आवर घालीत होता. तोच असलेला बारी गम ३३ हा वाण बांगलादेशांत २०१७ सालीं प्रसृत झाला. आपल्या बाजूस पश्चिम बंगाल सरकारनें नदिया व मुर्शिदाबाद जिल्ह्यांत कांहीं हंगाम गहूं पेरण्यास मनाई केली, व सीमेलगत ५ किलोमीटरचा पट्टा गव्हावांचून ठेवण्याचें ठरविलें. तेथील शेतकऱ्यास हें जड गेलें असणार, यांत शंका नाहीं.

मधल्या काळांत आफ्रिकेंतील झांबिया देशांतही हा रोग निघाला. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या तपासांत पुन्हां अशींच दप्तरें जुळविलीं, तेव्हां झांबियाची व बांगलादेशची बुरशी एकाच कुळाची, पण दोन्ही ठिकाणीं स्वतंत्रपणें पोंचलेली, असें आढळलें. तें कूळ गव्हांतील आरएमजी-८ या जनुकापुढें व स्ट्रोबिल्युरिन वर्गाच्या औषधांपुढें अद्याप टिकत नाहीं, हेंही त्यांत दिसून आलें. मात्र ही बुरशी पालटत राहते, म्हणून नवे नमुने त्याच दप्तरांशीं ताडून पाहण्याचें काम थांबवितां येत नाहीं.