दोन पातळ पदर

माझ्या आत्याला एकदा तापानंतर उजव्या कुशीत चमक भरली. उसण असेल म्हणून तिने तेल चोळून पाहिलं. पण ही चमक श्वासाच्या तालावर यायची. श्वास अर्ध्यावर आला की सुरी फिरवावी तशी कळ, आणि श्वास तिथेच अडायचा. शिंक आली, कुणी हसवलं, की ती दोन्ही हातांनी कूस दाबून धरायची. झोपायचीही दुखऱ्या कुशीवरच. आम्हाला ते उलटं वाटायचं. ती बाजू दाबलेली राहिली की बरगड्या कमी हलतात आणि कळ कमी येते, हे तिच्या अंगाने आमच्याआधी ओळखलं होतं.

घरात सगळे म्हणत होते, ‘फुफ्फुस दुखतंय.’ पण फुफ्फुसाला दुखतच नाही! कातडीला टोचलेलं कळवणाऱ्या नसा असतात, तशा फुफ्फुसाच्या आत नाहीत. म्हणून तर तिथे एखादी गाठ महिनोन्‌महिने गुपचूप वाढू शकते.

मग कळ कुणाची? फुफ्फुसाला बाहेरून एक अतिशय पातळ पदर चिकटलेला असतो, आणि छातीच्या भिंतीला आतून दुसरा. हे फुफ्फुसावरण, डॉक्टरांचा प्ल्यूरा. दोन्ही पदरांच्या मधे, डावी-उजवी बाजू मिळून, निरोगी माणसात जेमतेम तीन-चार चमचे द्रव असतो. घासून ठेवलेल्या दोन ओल्या वाट्या एकीत एक अडकतात, तेव्हा काय होतं आठवा. एकमेकींत गरगर फिरतात, पण ओढून सुटत नाहीत. इथेही तेच. छाती फुगली की फुफ्फुस तिच्यामागे ओढलं जातं, आणि ओढलं जाताना अलगद घसरतं. दिवसाला सुमारे 20,000 वेळा, जन्मभर, आणि आपल्याला पत्ताही नसतो. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी छातीवर हात ठेवून बराच वेळ नुसता बसून होतो.

या दोन पदरांपैकी दुखतो तो भिंतीचा. बरगड्यांमधून कातडीकडे जाणाऱ्या नसाच त्यालाही पुरवलेल्या असतात, म्हणून आत्या एका बोटाने जागा दाखवू शकत होती. पोट आणि छाती यांच्यामधल्या पडद्याची गोष्ट आणखी अद्भुत. गर्भात हा पडदा मानेजवळ तयार व्हायला लागतो, मग खाली सरकतो आणि आपली नस मानेपासून सोबत ओढत नेतो. त्यामुळे पडद्याच्या मध्यभागी सूज आली तर दुखतो खांदा. माणूस बाम चोळतो खांद्याला, आणि दुखण्याचं मूळ असतं वीतभर खाली.

सूज आली की हे गुळगुळीत पदर खरखरीत होतात. डॉक्टरांनी मला स्टेथोस्कोप कानाला लावू दिला. प्रत्येक श्वासाला करकर, नव्या कोल्हापुरी वहाणेसारखी. सुमारे 2,400 वर्षांपूर्वी हिपोक्रॅटिसच्या परंपरेतल्या ग्रीक वैद्यांनीही या आवाजाला चामड्याचीच उपमा दिली होती.

पाचव्या दिवशी आत्याची कळ थांबली. ती खुशीत होती. पण जिना चढताना तिला धाप लागू लागली. एक्स-रेमध्ये उजवीकडचा खालचा भाग पांढरा दिसला. छातीत पाणी झालं होतं. आपण सहज ‘फुफ्फुसात पाणी’ म्हणतो, पण ते साचतं दोन पदरांच्या मधे. पाण्याने दोघांना लांब केलं, घासणं थांबलं, कळ गेली. आजार वाढला होता आणि आम्ही पेढे आणायच्या बेतात होतो. तपासणीत क्षय निघाला. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी तो पूर्ण बरा झाला.

अशी चमक न्यूमोनियात येते, साध्या विषाणूच्या तापातही येते. बरगडीची कूर्चा सुजली तर बोटाने दाबल्यावरही दुखतं. पण कळ अचानक आली, सोबत धाप लागली, थुंकीत रक्त दिसलं किंवा एक पाय सुजलेला असला, तर त्याच घडीला दवाखाना गाठायचा. पायात गोठलेली रक्ताची गुठळी फुफ्फुसात अडकलेली असू शकते. हृदयाचं दुखणं बहुधा दाबल्यासारखं, आवळल्यासारखं असतं आणि श्वासाने फारसं बदलत नाही. पण हा निवाडा घरी बसून करायचा नाही.

पाणी काढलं त्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर होतो. डॉक्टरांनी पाठीत आधी भूल दिली, ती भिंतीसाठी. पिवळसर पाणी बाटलीत उतरत गेलं. शेवटी शेवटी आत्या खोकू लागली आणि कळवळून म्हणाली, “परत तीच चमक!” डॉक्टर म्हणाले, “आत्या, फुफ्फुस उघडतंय. पदर पुन्हा एकमेकांना लागले.”