गुडघा आणि जठराग्नि

आपल्या प्रकृतीचें रडगाणें मासिकांतून गावें, हें आम्हांस कधींच रुचलें नाहीं. दुखण्याचें वर्णन घरच्या मंडळींसही चौथ्या दिवशीं ऐकवत नाहीं. मग तें परक्या वाचकांच्या माथीं कां मारावें, असा आमचा आजवरचा बाणा. परंतु २०२३ च्या मार्गशीर्षांत आमच्या उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि तिच्या पाठोपाठ जो प्रसंग ओढवला त्यास आमचें मौनच बव्हंशीं कारण झालें. तेव्हां निदान येथें तरी तें सोडणें प्राप्त आहे. विषय थोडा शौचकूपाच्या आसपासचा आहे. नाजूक मनाच्या वाचकांनीं क्षमा करावी.

छत्तीस वर्षें फळ्यापुढें उभे राहण्यांत गेलीं. 'रामः रामौ रामाः' घोकून घेतांना पायांकडे कोण पाहतो? साठी उलटल्यावर मात्र उजवा गुडघा कुरकुरूं लागला, आणि सहासष्टाव्या वर्षीं जिना उतरतांना आम्ही कठड्यास असे घट्ट धरूं लागलों कीं, जणूं तो कठडाच खालीं उतरवून न्यावयाचा आहे. क्ष-किरणांच्या चित्रांत दोन हाडांमधील फट नाहींशी झालेली दिसली. म्हणजे मधली कूर्चा झिजून हाडास हाड लागलें होतें. सांधा बदलण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं.

ही विद्या आम्हांस वाटत होती तितकी नवी नव्हे. बर्लिनच्या थेमिस्टोक्लीस ग्लुक नांवाच्या शस्त्रवैद्यानें १८९० सालीं हस्तिदंताचा गुडघा करून रुग्णास बसविला होता. तो प्रयोग तेव्हां टिकला नाहीं. आजच्या गुडघ्याचा आद्य नमुना न्यूयॉर्क येथें जॉन इन्सॉल व त्यांचे सहकारी यांनीं १९७४ सालीं प्रथम वापरला. आतां सामान्यतः मांडीच्या हाडाच्या टोकास धातूची टोपी, नडगीच्या हाडावर धातूची बैठक, आणि दोहोंमध्यें पॉलिएथिलीनची गादी अशी रचना असते. किंमतीचा धसका पूर्वी मोठा असे. २०१७ च्या ऑगस्टांत केंद्र शासनानें या सांध्यांच्या किंमतीस कमाल मर्यादा घातली, तेव्हां नेहमींच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याचा भाव कराखेरीज ५४,७२० रुपये ठरला. पेन्शनरास हा आंकडा लहान नव्हे, पण निदान ऐकून घेण्यासारखा आहे.

हें झालें गुडघ्याचें. पोटाची कथा निराळी. २००९ पासून आमच्या मोठ्या आंतड्यास सव्रण दाह आहे. डॉक्टर त्यास अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. आंतड्याच्या अस्तरास सूज येते, व्रण पडतात, रक्त जातें. मग महिनेच्या महिने शांततेंत जातात आणि एखादे दिवशीं पुन्हा उद्रेक होतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील पंधरावा अध्याय ग्रहणीचा आहे व त्यांत ताकाची थोरवी सांगितली आहे, हें आम्ही विद्यार्थ्यांस मोठ्या ऐटींत सांगत असूं. ग्रहणी आणि हा रोग एकच, असें म्हणण्याचें धाडस मात्र करवत नाहीं. आमचा रोग मेसालामाइनच्या गोळ्यांनीं चार वर्षें निद्रिस्त होता, आणि निद्रिस्त शत्रूस मनुष्य मित्र समजूं लागतो.

शस्त्रक्रियेपूर्वी इस्पितळांत एक छापील तक्ता भरावयाचा होता. 'अन्य व्याधि व चालू औषधें' या रकान्यापाशीं आमची लेखणी अडली. समोर नातीच्या वयाची परिचारिका उभी. तिच्यादेखत आंतड्याचें नांव लिहावें कसें? आम्हीं लिहिलें, 'किरकोळ अपचन.' अपुऱ्या उत्तराचे गुण आम्हीं जन्मभर कापले. या उत्तरास आम्हीच आम्हांस पूर्ण गुण दिले. रोजच्या गोळ्या पिशवींत होत्या, त्या निमूटपणें घेत राहिलों.

शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. दुसरे दिवशीं वॉकर धरवून आम्हांस उभे केलें, चौथे दिवशीं घरीं पाठविलें. सोबतच्या औषधांत वेदना शमविण्यासाठीं डायक्लोफिनॅकची गोळी होती, दिवसांतून दोन वेळां. यांत इस्पितळाचा कांहीं दोष नाहीं. किरकोळ अपचनवाल्यास जें द्यावयाचें तें त्यांनीं दिलें, वर पित्ताची गोळीही दिली.

आमच्या पलंगापासून शौचकूप चौदा पावलांवर आहे. धडधाकट पायास चौदा पावलें म्हणजे कांहींच नव्हे. परंतु आधीं वॉकर पुढें टाकावा, मग दुखरा पाय, मग चांगला, या क्रमानें चालणारास तो प्रवासच होय. घरीं आल्याच्या सातव्या रात्रीं तीन वाजतां एकाएकीं मुरडा आला. आम्ही उठलों, निघालों, आणि नवव्या पावलावर आमचें धोतर खराब झालें. दिवा लागला तों त्यांत रक्त.

"अहो, हें कधींपासून?" सौभाग्यवतींनीं विचारलें.

"दोन दिवस झाले."

त्या कांहीं बोलल्या नाहींत. ऊन पाणी आणलें, धोतर बदललें, आम्हांस पुन्हा निजविलें. सकाळीं आम्हांस न विचारतां त्यांनीं पोटाच्या डॉक्टरांस दूरध्वनि केला, आणि तक्त्यांत आम्हीं काय लिहिलें होतें तेंही सांगून टाकलें. आम्ही भिंतीकडे तोंड करून पडलों होतों. ऐकूं सर्व येत होतें.

डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न गोळीविषयीं. सूज वाढविणारीं प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन इत्यादि औषधें शरीरांत तयार होऊं देत नाहींत, म्हणून गुडघा शांत होतो. परंतु तींच द्रव्यें जठराच्या व आंतड्याच्या अस्तराचें रक्षणही करीत असतात. आमच्यासारख्याचा निजलेला रोग या गोळ्यांनीं चाळवूं शकतो. सर्वांचाच चाळवतो असें नव्हे. पण पहारेकरी काढून चोर येतो कीं नाहीं हें पाहण्याची हौस कोणास आहे? ती गोळी त्याच क्षणीं बंद झाली. पॅरासिटामॉल मोजून सुरू झालें, आणि फडक्यांत गुंडाळलेली बर्फाची पिशवी दिवसांतून चार-पांच वेळां. ट्रॅमाडॉलनें उलट मलावरोध होतो व मळमळतें, म्हणून तें दोन रात्रींपुरतेंच. शिवाय शस्त्रक्रियेच्या वेळीं दिलेल्या प्रतिजैविकांमुळें क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नांवाचा जंतु बळावून असाच अतिसार होऊं शकतो. तो नाहीं ना, यासाठीं मळ तपासून घेतला. तो नव्हता.

खरा पेंच पुढेंच होता. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पायाच्या शिरांत रक्त गोठण्याचें भय असतें, म्हणून रक्त पातळ राखणारें औषध देतात. आंतड्याचा दाह चाळवला म्हणजे हें भय अधिकच वाढतें. आणि इकडे तर रक्त पडत होतें. औषध द्यावें कीं थांबवावें? उद्रेक लवकर शमविण्यास स्टेरॉइड आहे, पण त्यानें जंतूंचा प्रतिकार मंदावतो, आणि ताज्या जखमेस तें परवडणारें नव्हे. अखेर आमचे दोन डॉक्टर, जे आमच्याच कृपेनें एकमेकांस अनोळखी राहिले होते, दूरध्वनीवर बोलले. रक्त थोडेंच जात होतें, सबब तें औषध चालू राहिलें. मेसालामाइनची मात्रा वाढली, रात्रीं त्याचीच बस्ति सुरू झाली, आणि स्टेरॉइड टळलें. बारा दिवसांनीं रक्त थांबलें. हा निवाडा आमच्यापुरता. दुसऱ्यानें तो आपल्या डॉक्टरांकडूनच करून घ्यावा. पलंगाशेजारीं कमोडची खुर्ची आली, तेव्हां चौदा पावलांचीं दोन झालीं. ही खुर्ची शस्त्रक्रियेपूर्वीच आणा, असें सौभाग्यवतींनीं सुचविलें होतें. "घरांत तें ध्यान नको," असें उत्तर आम्हीं दिलें होतें.

या बारा दिवसांत व्यायाम पार बुडाला. व्यायाम शिकविण्यास येणारी मुलगी आमचीच जुनी विद्यार्थिनी. आठवींत असतांना संस्कृतची वही विसरली म्हणून तिला आम्हीं बाकावर उभी केली होती. तिनें कोनमापक लावून गुडघ्याचा वांक मोजला, तो अडुसष्ट अंश भरला. खुर्चीवरून सुखानें उठावयासही नव्वदाहून अधिक लागतात.

"सर, गृहपाठ?"

"पोट बिघडलें होतें."

"ही सबब आपण आम्हांला कधीं चालूं दिली होती का?" ती हंसून म्हणाली. मग मात्र गंभीरपणें सांगितलें कीं, आंतील व्रण घट्ट होऊन सांधा असाच आंखडून राहिला, तर पुन्हा भूल देऊन तो वांकवावा लागतो. त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं, आणि तें दुखण्यामुळें नव्हे.

तिनें आमच्या पोटाचें वेळापत्रक विचारून व्यायाम त्याभोंवतीं बसविला. सकाळचा कोठा साफ झाल्यावर, दिवसांतून चार वेळां, थोडा थोडा. घोटा वरखालीं करणें, गुडघा अंथरुणावर दाबणें, टांच ओढीत पाय जवळ आणणें. गुडघ्याखालीं उशी घ्यावयाची नाहीं. घेतल्यास बरें वाटतें, पण पाय पुरता सरळ होत नाहीं. रोजचे अंश वहींत लिहावयाचे, आणि खालीं पालकाची सही.

जखम भरण्यास प्रथिनें हवींत, म्हणून डॉक्टरांनीं अंडें सुचविलें. सौभाग्यवतींनीं तें ऐकलें न ऐकलेंसें केलें. तडजोड मुगाचें वरण, मऊ भात, ताजें ताक व थोडें पनीर यांवर झाली. कोशिंबीर आणि तिखट उद्रेक सरेपर्यंत बंद. जुलाबांच्या दिवसांत लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यांत सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानें मोजून, असें पाणी आम्ही घोट घोट घेत होतों. लोहाच्या गोळ्यांनीं मळ काळा होतो हें कोणी आधीं सांगितलें असतें, तर आमची एक सकाळ भीतींत गेली नसती.

नव्या गुडघ्यास उकिडवें बसणें मना आहे. पाटावरचें जेवण सुटलें. संध्या खुर्चीवर बसून होते, आणि पळी-पंचपात्रें स्टुलावर असतात. देवांस त्याचें कांहीं वाटत असल्यास त्यांनीं तें अद्याप दाखविलें नाहीं.

फाल्गुनांत ती मुलगी शेवटची आली, तेव्हां कोनमापकावर एकशें बारा अंश भरले. तिनें आंकडा लिहून वही पुढें केली. सौभाग्यवतींनीं चष्मा शोधून सही केली, आणि तिच्याखालीं आम्हांस न विचारतां दोन शब्द लिहिले: 'पोटही ठीक.'