शेवटच्या कडव्यातलं नाव

एप्रिल उजाडला की फुलंब्री तालुक्यात लाउडस्पीकरवरची गाणी बदलतात. लग्नसराईच्या बँडगाण्यांच्या मध्ये भीमगीतं वाजू लागतात आणि चौदा तारखेच्या आंबेडकर जयंतीपर्यंत त्यांचा जोर वाढतच जातो. शाळकरी पोरांपासून म्हाताऱ्या बायांपर्यंत सगळ्यांना ती तोंडपाठ असतात. गाणं कोणाचं आहे असं विचारलं, तर बहुतेक जण गायकाचं नाव घेतात. कवीचं नाव मात्र गाण्यातच, अगदी शेवटच्या कडव्यात असतं. तुकोबांच्या अभंगात ‘तुका’ यावा किंवा गझलेच्या मक्त्यात शायर डोकवावा, तसा तिथे ‘वामन’ येतो. हा वामन म्हणजे वामन तबाजी कर्डक. साऱ्या महाराष्ट्राचे वामनदादा.

अमेरिकेत गावाकडच्या माणसांची गाणी स्वतः रचून गाणाऱ्यांची एक मोठी परंपरा आहे. तिच्यावर ग्रंथ निघाले, संग्रहालयं उभी राहिली. आपल्याकडे तसं आयुष्य जगलेला माणूस शोधायचा तर माझ्या मते पहिलं नाव वामनदादांचं घ्यावं लागेल. हजारो गाणी त्यांनी लिहिली, चालींवर बसवली, स्वतः गायली आणि दुसऱ्यांना गायला दिली. साठ वर्षं हाच त्यांचा धंदा होता आणि हेच व्रत.

१५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात, देशवंडी या गावी त्यांचा जन्म झाला. बालपण गुरं राखण्यात आणि लाकूडफाटा गोळा करण्यात गेलं. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नाही. पुढे पोट भरण्यासाठी मुंबई गाठली आणि शिवडीच्या बीडीडी चाळीत ते राहू लागले. गिरणीत राबले, कोळसा उपसला, चिक्की विकली, आईसफ्रूट विकलं. सिनेमात नट व्हायची हौस होती, म्हणून स्टुडिओंच्या दारात उभं राहून एक्स्ट्राची कामंही केली.

याच चाळीत त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली. एकाने त्यांच्या हाती पत्र दिलं आणि वाचून दाखवायला सांगितलं. अंगावर कपडे बरे, बोलणं चटपटीत, तेव्हा या माणसाला वाचता येत असणार असं तो धरून चालला होता. वामनदादांना एक अक्षर कळेना. त्या लाजेने त्यांना रडू कोसळलं. मग देहलवी नावाच्या मास्तरांकडून त्यांनी बाराखडी गिरवून घेतली. मुंबईच्या रस्त्यांवरून जाता-येता दुकानांच्या पाट्या वाचायच्या, जोडाक्षर अडलं की कोणाला तरी विचारायचं, अशी त्यांची शाळा चालली. वाचायला येऊ लागलं आणि मग त्यांना ग्रंथांचं वेडच लागलं.

या प्रसंगाकडे मी नुसती हळवी आठवण म्हणून पाहत नाही. त्यांच्या गाण्यांची घडण इथेच समजते. ज्याला कागद मुका असतो, त्याच्यापर्यंत शब्द कानावाटेच पोचतात, हे त्यांनी वीस वर्षं स्वतः भोगलं होतं. म्हणून त्यांचं गाणं एकदा ऐकल्यावर लक्षात राहतं. वाक्य छोटं, यमक घट्ट, आणि शब्द बांधावरच्या, चाळीतल्या बोलण्यातला.

पहिलं गाणं त्यांनी ३ मे १९४३ रोजी रचलं. ते एका हिंदी सिनेगीताचं विडंबन होतं. लोक हसले, त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं आणि आपल्याला हे जमतं हे त्या तरुणाच्या ध्यानात आलं. त्याच सुमारास त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पाहिलं, ऐकलं. विडंबनाची लेखणी त्यानंतर चळवळीच्या कामी लागली. पुढे बाबासाहेबांच्या सभांमध्ये, त्यांच्यासमोर गाण्याची संधीही त्यांना मिळाली.

ही वाट त्यांनी एकट्याने पाडली नव्हती. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापला. पुढे त्याच विचारांचे जलसे गावोगाव फिरू लागले. त्यांनी तमाशाचाच साचा घेतला आणि त्यातली शृंगाराची जागा भटशाही, सावकारी आणि शिक्षण या विषयांना दिली. १९३०च्या दशकात आंबेडकरी जलसे आले. नाशिक भागातले भीमराव कर्डक हे त्यांतलं मोठं नाव. ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक त्यांचंच. आडनाव आणि जिल्हा एकच असल्याने भीमराव आणि वामनदादा यांची गल्लत पुष्कळदा होते. भीमराव आधीच्या पिढीचे, जलशाचे. वामनदादांच्या काळात जलशातली बतावणी आणि वग मागे पडत गेले आणि सुटं गाणं पुढे आलं. पंधरा-वीस जणांचा ताफा पोसणं कठीण होतं. एक गायक, एक पेटी, एक ढोलकी आणि मागे दोन कोरसवाले एवढ्यावर गायन पार्टी उभी राहू शकत होती.

गायन पार्टीचा कार्यक्रम आमच्या भागात ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही मांडणी पाठ असेल. बुद्धविहारासमोर ट्रॅक्टरची ट्रॉली उभी करतात, वर सतरंजी. एका बाजूला पेटी, बाजूला बेंजो, ढोलकीवाला पुडी ठोकून सूर जुळवतोय. गायकाच्या पुढ्यात वही असते, तिच्या कोपऱ्यांना तेलकट डाग, पानापानावर वेगवेगळ्या शाईतली गाणी. आधी वंदना, मग एखादा शेर, तो संपता संपता ढोलकीची थाप आणि मुखडा. गर्दीतून कोणी उठतो, दहाची नोट पेटीवर ठेवतो आणि गायकाच्या कानात फर्माइश सांगतो. गायक माईकवर त्याचं आणि त्याच्या गावाचं नाव घेतो. सामना असेल तर रात्र आणखी रंगते. एका पार्टीने गाण्यात सवाल टाकायचा, दुसरीने त्याच दमात जबाब द्यायचा. तिथे वहीत पाहून भागत नाही. शीघ्रकवी लागतो, आणि वामनदादा शीघ्रकवी होते.

चाली बहुतेक वेळा सिनेमाच्या किंवा लोकगीतांच्या. यावरून पांढरपेशा रसिकांनी पुष्कळ नाकं मुरडली. मला यात कारागिरी दिसते. चाल आधीच कानात बसलेली असली की ऐकणाऱ्याचं सगळं लक्ष शब्दांवर जातं. दुसऱ्यांदा मुखडा आला की अख्खी गर्दी कोरस होते. नव्या पार्टीला संगीतकाराची वाट पाहावी लागत नाही. आज बदनापूरला ऐकलेलं गाणं उद्या सिल्लोडला गाता येतं. अमेरिकेतला वुडी गथ्री हेच करत होता. ओक्लाहोमातल्या या गायकाने १९४० साली देशाच्या जमिनीवर हक्क सांगणारं आपलं सर्वांत गाजलेलं गाणं लिहिलं, तेव्हा चाल कार्टर कुटुंबाच्या एका जुन्या भजनावरून घेतली. हे कार्टर कुटुंब व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातलं. १९२७ साली ब्रिस्टल गावात एका रेकॉर्ड कंपनीने त्यांची गाणी मुद्रित केली आणि तिथून ते संगीत देशभर गेलं. कुटुंबाचा कर्ता ए. पी. कार्टर डोंगरवस्त्यांमध्ये फिरून लोकांची जुनी गाणी गोळा करायचा आणि आपल्या नावावर नोंदवायचा. आपल्याकडे उलटं झालं. इथे कवीचीच गाणी लोकांनी बिननावाची करून टाकली.

सिनेमाने वामनदादांना एकदा मोठी संधी दिली. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ साली आला आणि पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये तो १३१ आठवडे चालला. त्यातली बहुतेकांना आठवणारी लावणी गदिमांची. मात्र वसंत पवारांच्या संगीतातलं आणखी एक लोकप्रिय गाणं, वेडीला आणि गुलछडीला उद्देशून असलेलं, वामनदादांचं आहे. हे आजही सांगितलं की लोक चकित होतात. चळवळीचा कवी म्हणून ज्याला एका कप्प्यात बसवलं, त्याच्याकडे रंगेल, खट्याळ लावणीचंही अंग होतं. पुढेही सिनेमासाठी थोडंफार लिहिलं, पण ते तिथे रमले नाहीत. सुपारी येईल त्या गावी एसटीने जायचं, रात्रभर गायचं, बिदागी मिळेल ती घ्यायची, हे आयुष्य त्यांनी पत्करलं. संसाराची त्यात ओढाताण झाली. पहिला संसार मोडला, लेक लहानपणीच गेली. पुढे दुसऱ्या पत्नी शांताबाईंनी त्यांना साथ दिली.

मराठवाड्याचं आणि या गाण्यांचं नातं वेगळं सांगायला हवं. सप्टेंबर १९४८पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि महाराष्ट्रात आलो ते १९६० साली. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत कॉलेज सुरू केलं, पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं. चौक्याचा घाट उतरून गेलं की तासाभरात शहर, त्यामुळे फुलंब्रीकडच्या पोरांनाही या कॉलेजचा परिसर, नागसेनवन, जवळचा झाला. शिकायला गेलेली पोरं सुट्टीत परत येताना पुस्तकांबरोबर गाणी आणायची. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातली पुष्कळ कुटुंबं मुंबईला पोट भरायला गेली आणि तिथल्या वस्त्यांमधली गाणी त्यांच्याबरोबर गावी आली.

२७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरं जळाली, माणसं मारली गेली, गावं सोडावी लागली. पुढच्या वर्षी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. मधली सोळा वर्षं सभा, मोर्चे, अटका यांनी भरलेली. त्या सगळ्यांत भाषणाआधी गाणं असायचंच आणि त्यात वामनदादांची गाणी हमखास. घर जळालेल्या माणसाला पत्रकातली भाषा धीर देत नाही. शेजारी बसलेल्या दहा जणांबरोबर ओळखीचा मुखडा म्हणताना आपण एकटे नाही हे त्याला कळतं. आजही १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटसमोर दिवसभर गाणी होतात. ज्यांना गाण्याची ताकद पाहायची आहे त्यांनी एकदा तिथे जाऊन उभं राहावं.

वामनदादा केवळ स्तुतीची गाणी लिहीत नव्हते, हे सांगणं मला फार महत्त्वाचं वाटतं. ‘उद्धरली कोटी कुळे’सारखी कृतज्ञतेची गाणी जयंतीला वाजतात, पण त्यांच्या वहीत कडू औषधही भरपूर आहे. बाबासाहेबांच्या पश्चात गटातटांत फुटलेल्या पुढाऱ्यांना त्यांनी भर सभेत, त्याच पुढाऱ्यांच्या समोर, गाण्यातून सुनावलं. बड्या उद्योगपतींची नावं घेऊन देशाच्या संपत्तीतला कष्टकऱ्याचा वाटा मागितला. शेतात राबणाऱ्या बाईचं, भुकेचं, दारूने मोडलेल्या घराचं गाणं केलं. गझलही लिहिली. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर यांतली मोजकीच गाणी वाजतात. पुढाऱ्यांना झोंबणारी तर क्वचितच.

पुस्तकरूपाने त्यांचं लेखन उशिरा आलं. ‘वाटचाल’ हा संग्रह १९७३चा, त्यानंतर ‘मोहळ’ आणि ‘हे गीत वामनाचे’. ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे आत्मकथन. १९९३ साली वर्ध्याच्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. तोवर दलित साहित्यावर चर्चासत्रं झाली होती, कथा-कविता-आत्मकथनांवर प्रबंध लिहिले गेले होते, पण लोकांच्या ओठांवरच्या या कवितेची गणती साहित्यात करावी की नाही, यावर अभ्यासक अडून होते. मला हा त्या अभ्यासकांचा करंटेपणा वाटतो. जी कविता हजारो न वाचणाऱ्या माणसांनी जतन केली, तिच्यासाठी वेगळी मोजपट्टी घडवणं हे अभ्यासकांचं काम होतं.

१५ मे २००४ रोजी वामनदादा गेले. भीमगीतांना आणि भक्तिगीतांना ज्यांच्या आवाजाने घराघरांत नेलं ते प्रल्हाद शिंदे त्याच वर्षी जूनमध्ये गेले. विठ्ठल उमप २०१० साली नागपुरात, दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात मंचावरच कोसळले. एक पिढी संपली. तरी गाणं थांबलं नाही. वामनदादांच्या तालमीत तयार झालेले प्रतापसिंग बोदडे यांच्यासारखे कवी-गायक पुढे लिहीत-गात राहिले. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात हातात एकतारी घेऊन गातात आणि मोबाइलवरून त्यांचा आवाज लाखोंपर्यंत गेला. ढोलकी नाही, बेंजो नाही, एका तारेवर अख्खं गाणं तोलून धरणारा तो खडा गळा ऐकला की जलशाच्या आधीचीही परंपरा आठवते.

कवीच्या नावाचं मात्र अजून तसंच चाललं आहे. कॅसेटच्या काळात वेष्टनावर गायकाचा फोटो मोठा आणि गीतकार कुठे तरी बारीक अक्षरात, कधी तर ‘पारंपरिक’ एवढंच. आता मोबाइलवरच्या व्हिडिओखाली तेही नसतं. काही गायक शेवटच्या कडव्यातला ‘वामन’ काढून तिथे स्वतःचं नाव बसवतात. मात्रा चुकते, यमक लंगडं पडतं, आणि जाणत्या कानाला ते लगेच समजतं. कायद्याने पाहिलं तर कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या रचनांवर हक्क राहतो. म्हणजे वामनदादांची गाणी २०६४ सालच्या अखेरपर्यंत ‘पारंपरिक’ होत नाहीत. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकाराचा मानधनातला वाटा अधिक भक्कम झाला. गावच्या जयंतीत ट्रॉलीवर गाणाऱ्या पोराकडून कोणी पैसे मागणार नाही आणि मागूही नयेत. वामनदादांनी स्वतः गाणी मुक्त हस्ताने वाटली. ज्या कंपन्या आणि वाहिन्या या गाण्यांवर जाहिराती मिळवतात, त्यांचा हिशोब वेगळा आहे.

गायन पार्ट्यांच्या त्या वह्यांचं कामही पडून आहे. छापील संग्रहांत न आलेली गाणी त्यांत असण्याची पुरेपूर शक्यता आहे, कारण वामनदादा मुक्कामी असत तिथे गाणं रचून यजमानाच्या पोराला लिहून देत. गायक म्हातारे झाले, काहींच्या घरी त्या वह्या रद्दीत जातात. फुलंब्री, सिल्लोड, कन्नड या तीन तालुक्यांत कॉलेजातल्या मुलांनी सुट्टीत फिरून अशा वह्यांचे मोबाइलवर फोटो काढले, गायकाला बसवून चाली मुद्रित केल्या, आणि कोणतं गाणं कुठल्या गावी, कोणाकडून आलं एवढी नोंद ठेवली, तरी पुढच्या संपादकाचं निम्मं काम होईल. खर्च जवळजवळ काही नाही. म्हाताऱ्या गायकांकडे वेळ थोडा आहे, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून व्हावी.